उसनी नाव

चिखलदरा,
चैत्र वद्य ६, शके १७८६

वडील मनकर्णाबाईस धाकटा भाऊ सूर्यभान याचा साष्टांग नमस्कार, भाऊजींस रामराम. मी जिवंत आहे, चारही बैल जिवंत आहेत आणि दोन्ही डोंगे न फुटता घाट चढून वर आले आहेत. भाऊजी तुला एवढे आधी वाचून दाखवतील, म्हणजे बाकीचे तू बसून ऐकशील.

तुला न सांगता निघालो, त्याचा राग असेल. सांगितले असते तर तू निघू दिले नसतेस. कापसाच्या गाड्या फाल्गुनातच थांबल्या. आता मृगापर्यंत गाडीवानाने करायचे काय? बैलांना चारायचे आणि झाडाखाली पडून राहायचे. सहा वर्षे तेच केले. यंदा मात्र वऱ्हाडाची तऱ्हा न्यारी आहे. तिकडे साता समुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली आणि इकडे आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवतो आहे. साहेब लोक उन्हाळ्यात थंड हवेला चिखलदऱ्यावर जातात, म्हणून अमरावतीची बडी मंडळीही निघाली. पण वर येऊन करायचे काय, हे कुणालाच ठाऊक नाही. सकाळी कड्यावर जाऊन खाली पाहतात, दुपारी जेवतात, संध्याकाळी परत तोच कडा पाहतात.

मी माघात एकदा मीठ घेऊन वर आलो होतो, तेव्हा इथला तलाव पाहिला होता. चहूबाजूंनी डोंगर, मधे गार पाणी आणि त्यात एक म्हैस. मला वाटले, इथे नाव असती तर! इकडे पूर्णेवर जानराव भोयाचे दोन डोंगे वाळूत पडून होते. नदीला गुडघाभर पाणी, लोक चालत पार होतात, मग डोंग्यात कोण बसतो? मृगापर्यंत मला भाड्याने दे म्हटले. जानराव पोट धरून हसला आणि दिले. दोन दिवस एका डोहात मला वल्हे मारायलाही शिकवले.

घाटाचे वर्णन करत नाही, तुझा जीव घाबरेल. शेवटच्या चढणीला बारा कोरकू गड्यांनी डोंगे खांद्यावर घेतले, त्यांच्या बायका बाजूने गाणी म्हणत चालल्या, आणि अशी आमची वरात गावात शिरली. पण पाण्यात घालताच दोन्ही डोंगे गळायला लागले. उन्हाने फळ्या आटून सांधे उघडले होते. बाजारातले लोक हळहळू लागले. मी म्हटले, यात काय नवल? उन्हाळ्यात गाडीचे चाक आटते, लोखंडी धाव सैल होते, तेव्हा आपण काय करतो? चाक नदीत बुडवून ठेवतो. मी दोन्ही डोंग्यांत धोंडे भरले आणि ते तळाशी बुडवले. गावभर झाले की अकोल्याच्या गाडीवानाने दुःखाने आपल्या नावा बुडवल्या. दोघे तर समजूत घालायलाही येऊन गेले. तिसऱ्या दिवशी वर काढले तेव्हा थेंब शिरत नव्हता.

आता रोज गिऱ्हाईक आहे. नाव सकाळी घ्यायची, दिवस मावळता परत द्यायची, वल्हे येत नसेल तर ते मी मारायचे, भाकर ज्याची त्याने आणायची. काल एक शेठजी भर उन्हात शालजोडी पांघरून, हुक्का आणि सनईवाला घेऊन डोंग्यात बसले. सनईवाल्याला पाण्याची भीती. त्याने सुरुवातीला जो सूर धरला तो काठाला लागेपर्यंत सोडला नाही.

तुझा सूर्यभान

---

अकोला,
चैत्र वद्य १३

चिरंजीव सूर्यभानास बहिणीचा आशीर्वाद. मनकर्णा सांगते आहे आणि तुझे भाऊजी किसनराव लिहीत आहेत. ती बोलते ते सगळे लिहीत नाही, अडत्याकडचा कागद फुकटचा असला तरी त्याला मर्यादा आहे. पुढचे बोल तिचे.

तुझ्या आजोबाने गाडी हाकली, बापाने हाकली, आणि तू पाण्यावर बैल जुंपायला निघालास. मोरणेवर धुणे धुताना बायका विचारतात, भाऊ काय करतो? मी सांगते, देवदर्शनाला गेला आहे. खोटे बोलायला लावलेस, त्याचे पाप तुझ्या माथी.

आता कामाचे ऐक, आणि हसू नकोस. वलगावच्या नत्थुजीची भाची आहे, वच्छला. वय सव्वीस. तीन वर्षांमागे नवरा तापाने गेला, मूलबाळ नाही. मामाकडे राहते. पेढी नदीकाठी भाजीचा मळा आहे, मोटेपासून बाजारापर्यंत सगळे तीच पाहते. पुन्हा संसार मांडायला, पाटाला तयार आहे. तुला ठाऊकच आहे, आपल्यात लग्नाला पोरीला कोणी विचारत नाही, पण पाटाला बाईच्या तोंडचा होकार लागतो. मामाने हजारदा हो म्हटले आणि तिने चारचौघांत नाही म्हटले, तर कुंकू लागत नाही. या बाईने दोन जण परत पाठवले आहेत. एकाचे तर घर पक्क्या विटांचे होते.

तू मृगाशिवाय खाली येणार नाहीस, म्हणून तीच मंडळी वर येणार. वैशाख वद्य पंचमीचा दिवस ठरला आहे. तर डोके ठिकाणावर ठेव. तुझा जरीचा पटका पाठवते आहे, तो बांध. ते भोयाचे काळे डोंगे पाहून कुणाच्या मनात संसार येईल? साहेबांच्या बंगल्यावर चांगली नाव असेल, ती चार दिवस मागून आण आणि आपली म्हणून सांग. बैलजोडीही एखादी जास्तीची उभी कर. पाहुणे येतात तेव्हा सगळेच असे करतात. यात लबाडी नाही, रीत आहे. मी नत्थुजींना तू नावांचा मालक आहेस असाच निरोप धाडला आहे.

सूर्यभान, तुझी बायको पटकीच्या साथीत गेली त्याला सहा वर्षे झाली. गाडीखाली तीन दगड मांडून तू एकटा भाकर भाजतोस, हे डोळ्यांपुढे आले की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे जुळू दे.

ता. क. : आता मी, किसनराव, माझ्या मनाचे लिहितो. तुझी बहीण पाणी आणायला गेली आहे. दोघे परत गेले ते का गेले, याचा मी तपास करतो आहे. डोंग्यात बसायला मलाही यायचे आहे, पण हे तिला कळवू नकोस.

---

चिखलदरा,
वैशाख शुद्ध ७

बाई, तुझे पत्र तीनदा वाचले. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा गाडीखालचे तीन दगड पाहत बसलो. तिसऱ्यांदा वाचून बंगल्याकडे निघालो.

तुझ्यापाशी लपवून काय करू? मलाही हे जुळावेसे वाटते. दिवसभर माणसांची वर्दळ असते. कुणाची पोरे, कुणाच्या सुना, हसतात, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात. दिवस मावळला की सगळे आपापल्या बिऱ्हाडी जातात आणि मी दोन डोंगे खुंट्याला बांधतो. मग मला बोलायला बैलच असतात, आणि ते चौघे तेच तेच बोल रोज ऐकून घेतात.

नाव मिळाली. काठावरच्या बंगल्याचे साहेब या वर्षी मुंबईलाच आहेत. त्यांच्या चौकीदाराने देऊ केली, भाडे एवढेच की त्याच्या तीन पोरांना रोज एक फेरी मारून आणायची. निळा रंग, पांढरी किनार, बसायला गादी. पाण्यावर उभी राहिली की माझे डोंगे तिच्यापुढे नवरीच्या मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांसारखे दिसतात. तू सांगितलेस तसेच सांगेन. पटका पोचला. आरशात पाहिले तर मलाच मी कोणी दुसरा वाटलो.

एक अडचण आहे. इथले पाणी वाकडे आहे. जानरावाने शिकवले तसेच वल्हे मारतो, तरी डोंगा सरळ म्हणून जात नाही. नाक खाली घालतो आणि घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो. बसवण्यात माझी कसूर नाही. गाडीत मागे वजन झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, हे मला शिकवायला नको. म्हणून मी सगळ्यांना दाटीवाटीने पुढे बसवतो आणि मागे एकटा राहतो. तरी हे असे. डोंगरावरचा वारा पाण्याला पीळ घालत असेल. गिऱ्हाईक मात्र खूश आहे. त्यांना वाटते, गोल फिरवणे ही नावेची रीतच असावी.

वच्छलाबाई उंच आहेत की ठेंगण्या? बोलायला कशा आहेत? भाऊजींना तपासात काही कळले का?

सूर्यभान

---

अकोला,
वैशाख वद्य १

सूर्यभान, हे पत्र हाती पडताच ती नाव जिथली तिथे नेऊन बांध. आधी बांध, मग पुढचे वाच.

काल बाजारात वलगावची एक बाई भेटली. तुझ्या भाऊजींनी तिच्याकडून टरबूज घेतले आणि बोलता बोलता सगळी हकीकत काढली. वच्छलाचे पहिले लग्न ठरले तेव्हा नवऱ्याकडच्यांनी आठ बैल दाखवले होते. दारात धान्याची पोती, घरात तांब्याची भांडी, बसायला पलंग. लग्न झाले. तिसऱ्या दिवशी हिने चूल पेटवली तर शेजारी आला आणि चार बैल सोडून घेऊन गेला. दुपारी दुसरा आला आणि उरलेले चार नेले. मग भांडी गेली. संध्याकाळी दोघे जण येऊन पलंग उचलून घेऊन गेले. नवरा मान खाली घालून बसून राहिला. गरिबीचे तिला काही वाटले नाही. सहा वर्षे तिने त्याच घरात राबून काढली आणि त्याच्या दुखण्यातही उशाशी बसली. पण तेव्हापासून कुणी काही दाखवायला लागले की तिचा जीव उडतो. ते जे दोघे परत गेले, त्यातल्या पक्क्या विटांच्या घरातली समई उसनी निघाली. एवढ्यावर ती उठून आली.

आणि मी तुला काय शिकवले! रीत आहे म्हणाले. तुझे घर बसवायला निघाले आणि मीच त्याला चूड लावली. कालपासून अन्न गोड लागत नाही.

आणखी एक. मंडळी वलगावहून केव्हाच निघाली. वांग्यांची गाडी भरून आधी परतवाड्याचा बाजार करणार आणि मग वर येणार म्हणे. वर केव्हा पोचतील ते कुणी सांगत नाही. ती बाई उंच आहे, सावळी आहे आणि बोलते ते तोंडावर. एवढेच कळले.

ता. क. : टपालाला चार-पाच दिवस लागतात, हे मी तिला सांगितलेले नाही. पंचमीच्या आत हे तुला मिळो, एवढीच प्रार्थना. किसनराव.

---

चिखलदरा,
वैशाख वद्य २

बाई, आज तुला एक गंमत सांगतो.

काल सकाळी एक वांगी विकणारी बाई तलावावर आली. बंगल्याबंगल्यांवर भाजी घालून झाली होती, टोपलीत थोडी उरली होती. सोबत एक म्हातारी आत्या. बाई म्हणाली, पैसे मिळणार नाहीत, वांगी घ्या आणि आम्हाला फिरवून आणा. मी म्हटले, बसा. नेहमीप्रमाणे दोघींना पुढे बसवले. आत्याने बसताक्षणी डोळे मिटले, दोन्ही कानांवर हात घेतले आणि मोठ्याने देवाचे नाव सुरू केले. डोंगा निघाला, नाक खाली घातले आणि गरागरा फिरायला लागला. त्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि पुढून बादलीभर पाणी आत. मी कमरेपर्यंत भिजलो, उपसता उपसता दमलो.

ती बाई शांतपणे पाहत होती. मग विचारले, सगळे वजन पुढे का घातले? मी म्हटले, उलाळ होऊ नये म्हणून. तेव्हा ती जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो : "हे गाडी नाई. याले जू नाई का बैल नाई. उलाळ कोन होनार?" आणि उठून, तोल सांभाळत, मागे माझ्याजवळ येऊन बसली. डोंग्याने नाक वर काढले आणि सुरी फिरावी तसा सरळ निघाला. बाई, महिनाभर मी पाण्याला दोष देत होतो.

मला इतके हसू आले, इतकी लाज वाटली, की मी सगळेच बोलून गेलो. म्हटले, खरे म्हणजे मी गाडीवान आहे. हे डोंगेही माझे नाहीत, पूर्णेच्या भोयाचे आहेत. माझे म्हणाल तर दोन गाड्या, चार बैल आणि मोरणेकाठी तीन एकर. तिने काठाकडे बोट करून विचारले, आणि ती निळी? मी सांगितले, ती तर उसनी. पंचमीला एक बाई मला पाहायला येणार आहे, तिला आपली म्हणून दाखवायची आहे. पटका आला तेही सांगितले. रस्त्याने जाणारे माणूस, उद्या कुठे भेटणार? म्हणून मन मोकळे केले. बायको गेल्यापासूनचेही बोललो. आत्याचे देवाचे नाव चालूच होते, तेव्हा तिसऱ्या कानी काही गेले नाही.

ती पाण्यात हात घालून बसली होती. काठ जवळ आला तेव्हा म्हणाली, "मंग पाट लागल्यावर ते नाव रोज मांगून आनसान का?"

मी वल्हे आत घेतले आणि डोंगा काठाला लावला. आत्याला हाताला धरून तिने उतरवले, वांग्यांची टोपली माझ्या पुढ्यात रिकामी केली आणि निघून गेली. नाव-गाव विचारायचे राहूनच गेले.

रात्रभर तिचा तो प्रश्न डोक्यात होता. बाई, मी तुझा शब्द कधी मोडला नाही, हा मोडतो आहे. निळी नाव उद्या परत करणार. ज्या बाईला जन्मभर भोयाचा डोंगा दाखवायचा, तिला पहिल्या दिवशी साहेबाची नाव दाखवून काय मिळवू? नाही म्हणायचे असेल तर तिने खऱ्याला नाही म्हणावे. जुळले नाही तर माझ्यावर रागाव, पण रडू नकोस.

सूर्यभान

---

अकोला,
वैशाख वद्य ६

अरे, तीच ती!

वांगी कुणाची? परतवाड्याहून वांग्यांची गाडी घेऊन वर कोण निघाले होते? उंच, सावळी, तोंडावर बोलणारी? माझे आधीचे पत्र तुला मिळाले नसावे. तू वच्छलेलाच सांगून बसलास की वच्छलेला फसवायला नाव आणली आहे. भाऊजी पत्र वाचत होते आणि मी पीठ मळत होते. त्या ओळीला आले तसे ते थांबले. मी म्हटले, पुढे वाचा. ते वाचेनात. पत्र माझ्याकडे धरले, जशी काही मला अक्षरे येतात.

काल पंचमी होऊन गेली. आता काय झाले असेल ते होऊन गेले. तू नाव परत केलीस ते बरे केलेस, पण ओळख पटल्यावर तुझ्या तोंडून काय निघाले असेल, देव जाणे. सारवासारव केली असशील तर संपले. ती उठून गेली असेल तर त्याचा दोष तुझा नाही, माझा आहे, आणि हे मी वलगावला जाऊन तिच्या तोंडावर सांगेन. तू उपाशी राहू नकोस. लवकर लिही.

ता. क. : पत्र आल्यापासून आमच्याकडे स्वयंपाक मी करतो आहे. त्यासाठी तरी लवकर लिही. किसनराव.

---

चिखलदरा,
वैशाख वद्य ६

वडील बाईस आणि भाऊजींस नमस्कार. नाव परत कर असे सांगणारे तुझे पत्र आज आत्ता मिळाले. काल पंचमी झाली. सगळे सविस्तर लिहितो, भाऊजींनी मधे थांबू नये.

सकाळी नत्थुजींची गाडी तलावाशी आली. मी पटका बांधून उभा होतो. पटका माझाच आहे, त्याला हरकत नव्हती. आधी मामा उतरले, मग एक म्हातारी, तिला कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. मग ती उतरली. माझ्या हातातले वल्हे सुटून पाण्यात पडले. बाई, तीच वांगीवाली! ती मात्र पहिल्यांदाच पाहते आहे अशा डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होती.

मामांनी विचारले, नावा किती? मी म्हटले, दोन, आणि दोन्ही जानराव भोयाच्या, मृगापर्यंत भाड्याने. जमीन? तीन एकर. जोड्या? दोन. प्रत्येक उत्तराला मामांचे तोंड लहान होत गेले. तुझ्या निरोपात नावांचा मालक होता ना! "मंग आमी हा घाट काहून चढलो?" असे ते सगळ्यांदेखत म्हणाले आणि बैल जुंपायला वळले. मला वाटले, झाले. सांगायला माझ्यापाशी दुसरे काही नव्हतेच.

तेव्हा ती म्हणाली, इतक्या दूर आलो आहोत तर एक फेरी मारू. मामा मधे बसले, आत्याने डोळे मिटले, ती मागे बसली. मधोमध आलो तशी तिने सगळ्यांसमोर विचारले, "ते निळी नाव कुठं गेली?"

मामा म्हणाले, कुठली निळी नाव? मग मला मामांनाही सगळे सांगावे लागले. बंगला, चौकीदार, तुझे पत्र, काही ठेवले नाही. तुझे नाव घेतले, क्षमा कर. वापस का केली, हे तिने विचारले. मी म्हटले, एका बाईने मला एक सवाल केला होता, त्याचा जवाब देता आला नाही म्हणून.

ती म्हणाली, "ते बाई मीच आहो, हे तुमाले त्या रोजी समजलं असतं तं?"

बाई, इथे काहीतरी चांगले बोलता आले असते. भाऊजींना सुचले असते. मला वल्हे मारता मारता जे खरे होते तेच आले. मी म्हटले, "तं सांगतलंच नसतं."

मामांनी कपाळाला हात लावला. ती मात्र हसायला लागली. तोंडावर पदर धरला तरी हसू थांबेना. डोंगा हलायला लागला आणि आत्याने देवाचे नाव आणखी मोठ्याने सुरू केले. मग तिने डोळे पुसले आणि मामांना म्हणाली, "मामा, पयल्या घरी आठ बैल दाखोले, आन् कोनी एक शबुद सांगतला नाई. यानं एक नाव मांगून आनली, तं वांगीवालीले सांगून बसला. लबाडी या मानसाले जमतच नाई. मले पसंत आहे."

मामा म्हणाले, तीन एकर आहे, विचार कर. ती म्हणाली, तीन एकर आहे ना खरे? मग झाले.

आत्याने तेवढ्यापुरते डोळे उघडले, होकार ऐकला आणि पुन्हा मिटले. म्हणजे दोन साक्षीदार झाले. काठावर आल्यावर मामांनी कबुलीचा विडा दिला. पाट ज्येष्ठात, मृगाच्या आधी, वलगावला. तुम्ही दोघांनी यायचे. भाऊजींना डोंग्यात बसायचे असेल तर त्याआधी इकडून होऊन जा म्हणावे, आणि तू रागावू नकोस, त्यांनी मला कळवू नको म्हटले होते. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मिळून वर यायचे असे तिने ठरवून टाकले आहे. डोंगे भोयाचेच घेऊ, ती काठावर भाजी विकेल. गिऱ्हाइकाला कुठे बसवायचे ते मात्र तीच सांगणार, मी नाही.

एवढे सगळे झाले, मंडळी गाडीत बसली, बैल चालू लागले. मी पटका सोडून खांद्यावर टाकला आणि डोंगा बांधायला वाकलो. तोच तिने गाडी थांबवायला लावली. उतरली, परत तलावापाशी आली. मला वाटले, काही विसरली, की मन फिरले. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"सकायपासून पाहून राहिली. जेवले का तुमी?"

बाई, सहा वर्षे हे मला कुणी विचारले नव्हते. तू विचारतेस, पण ते पत्रातून येते, आणि ते पोचेपर्यंत मी जेवलेला असतो. मी नाही म्हटले. मग तिने तिथेच, तीन दगड मांडून, चूल पेटवली.

तुझा सूर्यभान